सात मोजून सोडलेला चेंडू

रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग म्हणणार होतो, पण आठ अंगांपैकी तीन सध्या कामातून गेली आहेत (उजवा खांदा, कंबर आणि डाव्या पायाचा अंगठा, अंगठा अंगांत धरतात की नाही हे तूच मला कधीतरी शिकवलं असशील, मी विसरलो). तेव्हा उरलेल्या पाचांनी घातलेला हा नमस्कार गोड मानून घे. मेहुण्यांचे गुडघे कसे आहेत? आजवर त्यांनी गुडघ्यांचा विषय काढला की मी वर्तमानपत्र उघडायचो, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. गुडघा ही काय चीज आहे ते मला या वर्षी कळलं. इकडे बाकी सगळं ठीक. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, त्यामुळे आता ती पूर्वीसारखं सलग बोलू शकते.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. त्यात तीन प्रश्न होते आणि तिसऱ्याखाली तू दोन रेघा ओढल्या होत्यास (लाल शाईने. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, ताई, आता ती दौत फेकून दे). पहिला प्रश्न, मी वेळेवर जेवतो का. जेवतो. दुसरा, एक तारखेला तुझ्या पोरीला नोंदणी कार्यालयात रुजू व्हायचंय तर तिच्याकडे बरे कपडे आहेत का. आहेत, तिच्या मामीने दोन जोड नवे शिवून घेतलेत. तिसरा, तिचा चेंडू अजून ट्रंकेत आहे ना. याचं उत्तर एका शब्दात देता येण्यासारखं आहे, पण ते दिलं तर तू पुढचं काही वाचणार नाहीस, चष्मा काढून ठेवशील आणि मेहुण्यांना हाक मारशील. म्हणून जरा लांबून येतो.

दोन वर्षांपूर्वी तू लेकीला परीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्याकडे आणून सोडलंस आणि जाताना तिचा गोलंदाजीचा चेंडू माझ्या हातावर ठेवलास. परीक्षा होऊन कायमची नोकरी लागेपर्यंत हा तिच्या दृष्टीस पडता कामा नये, असं बजावलंस. मी शब्द दिला. चेंडू ट्रंकेत टाकला, कुलूप घातलं, किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे लपवली. वर्षभर पोरीने त्या ट्रंकेकडे मान वळवून बघितलं नाही. पहाटे उठायची, कायद्याची पुस्तकं घेऊन खिडकीत बसायची, अभ्यास करता करता उजव्या हाताची बोटं मात्र मांडीवर आपोआप हलायची. तेवढं सोडलं तर तिने तुझा शब्द तंतोतंत पाळला. मोडला तो मी. ट्रंक मी उघडली. काय ओरडायचंय ते मला ओरड, पण पत्र संपल्यावर.

आमच्या छापखान्यातली रीत तुला माहीत नाही. दर वर्षी छपाई खातं विरुद्ध बांधणी खातं असा सामना होतो आणि त्यात थोरल्या मालकांनी घालून दिलेला एक नियम आहे, की प्रत्येक खात्यातल्या सगळ्यांत जुन्या माणसाने एक षटक टाकलंच पाहिजे. त्याला ज्येष्ठाचं षटक म्हणतात. (मालकांचा हेतू असा, की तरुणांना म्हाताऱ्यांबद्दल आपुलकी वाटावी. आपुलकी वाटते की नाही सांगता येत नाही, पण ते षटक बघायला लोक घरून बायकामुलांना घेऊन येतात.) इतकी वर्षं आमच्याकडून ते षटक खळ शिजवणारे काका टाकत. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि एके दिवशी फोरमनने फळ्यावर माझं नाव लिहिलं. एकतीस वर्षं मी पुस्तकं बांधतोय, पण चेंडू हातात धरून कोणाला मारलेला मला आठवत नाही. म्हटलं, त्यात काय, सहा चेंडू तर टाकायचे.

ताई, सहा नव्हे, बावीस टाकले. पंच होते आमचे प्रूफरीडर. पहिल्या तीन चेंडूंना त्यांनी वाइडची खूण म्हणून दोन्ही हात पसरले आणि मग खाली घेणंच सोडून दिलं, पुन्हा पुन्हा पसरायचा त्रास कशाला. एक चेंडू सीमारेषेबाहेरच्या चहाच्या पिंपावर गेला. एक माझ्याच डाव्या अंगठ्यावर पडला. एक समोरच्या शाईवाल्याच्या बरगडीत बसला (हा शाईवाला म्हणजे छपाईवाल्यांचा हुकमी फलंदाज, दाराएवढा माणूस, तोही खाली बसला). आणि एक चेंडू तर सुटलाच नाही. मी पळत आलो, हात गरकन फिरवला, पाय थांबेनात, आणि चेंडू हातात घेऊन थेट शाईवाल्यापर्यंत जाऊन पोचलो. त्याने तो अदबीने माझ्या हातातून घेतला, पुसला, परत दिला आणि म्हणाला, "घ्या काका, पुन्हा एकदा जाऊन या." हसण्याचा आवाज आला त्यात तुझ्या भावजयीचा आवाज मी ओळखला.

त्यानंतर छापखान्यात माझं जिणं अवघड झालं. छपाईवाले कागदाचा गठ्ठा आणून द्यायचे आणि विचारायचे, काका, सुटेल ना हातातून? एकतीस वर्षांत माझ्या हाताला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ज्या हाताने बांधलेली पुस्तकं दोन पिढ्या वापरून फाटत नाहीत त्या हाताला लोक हसायला लागले, हे मला फार लागलं. पुढच्या वर्षीही सर्वांत जुना मीच असणार होतो, आणि त्याच्या पुढच्याही. चार दिवस तळमळत काढले आणि पाचव्या दिवशी घड्याळामागची किल्ली काढली.

पोरगी अभ्यास करत होती. मी तिच्यापुढे चेंडू धरून उभा राहिलो आणि म्हटलं, मला हे शिकव. तिने आधी चेंडूकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग ट्रंकेकडे. म्हणाली, "आईला विचारलंत का, मामा?" मी म्हटलं, आईचं मी बघून घेतो. (हे वाक्य मी बोललो ही गोष्ट खरी आहे. बघून घेण्याचं काम आज दहा महिन्यांनी, तेही टपालाने करतोय, यावरून तुझा भाऊ किती शूर आहे ते तुला कळेल.) तरी ती लगेच हो म्हणाली नाही. रोज सकाळी एकच तास, त्यानंतर चेंडूचं नाव काढायचं नाही आणि तिच्या अभ्यासाच्या वेळेला हात लावायचा नाही, अशा अटी घातल्या आणि त्या दहा महिने पाळल्या. परीक्षेत ती चौथी आली हे तिने तुला कळवलंच आहे. मला शिकवता शिकवता आली हे मात्र कळवलं नसेल.

त्या दिवसापासून मी तिला मास्तर म्हणतो. थट्टेने सुरुवात केली होती, आता थट्टेत म्हणत नाही.

पहिले तीन दिवस मास्तरने मला चेंडू टाकू दिला नाही. नुसता धरायचा. शिवणीच्या दोन बाजूंना दोन बोटं, खाली शिवणीवर अंगठ्याची कड, आणि चेंडू व तळहात यांच्यामध्ये एक बोट जाईल एवढी मोकळी जागा. मी चेंडू मुठीत आवळायचो. ती काही न बोलता यायची, माझ्या तळहाताखाली आपलं बोट घालून बघायची, बोट जात नसे, ती निघून जायची. जेवताना डाव्या हाताशी चेंडू, दाढी करताना समोर चेंडू. ती कधी चूक म्हणत नाही, हे मी हळूहळू ओळखलं. फार झालं तर "अजून" म्हणते. तू वर्गात "पुन्हा" म्हणायचीस ना, अगदी तोच आवाज.

आता या धरण्याच्या नादात माझ्याकडून एक आगळीक झाली. तीन दिवस बोटं शिवणीवर ठेवून बसलं की बांधणीवाल्याच्या डोक्यात काय येणार? मला ती शिवण आवडेना. टाके सारखे नव्हते, दोरा मेणाचा वाटत नव्हता, शेवटची गाठ तर कोणीतरी घाईत मारलेली होती. म्हटलं, आतून बघू तरी कसा बांधलाय. मास्तर बाजारातून परत आली तेव्हा तिच्या एकुलत्या एका चेंडूची कातडी टेबलावर पसरलेली होती, आतला सुतळीचा गोळा तुझ्या भावजयीच्या पाटावर होता आणि मी टोचा हातात धरून बसलो होतो. ताई, पाचवीत असताना मी तुझं भूमितीच्या पेटीतलं कंपास उघडून बघितलं होतं तेव्हा तू मला कशी झोडपलीस ते आठवतं ना? मी डोळे मिटून घेतले. पण ही पोरगी माझ्यासमोर बसली, टाके मोजले, आणि म्हणाली, "आता परत शिवा, मामा. पण बघायचं नाही, बोटांनी शिवायचं." दोन रविवार गेले. सहाच्या सहा ओळी मी मेणाच्या दोऱ्याने चाचपत शिवल्या, आणि शिवून झाल्यावर अंधारातही मला त्या चेंडूची शिवण कुठे आहे ते कळायला लागलं. तिने मला शिक्षा दिली असं मी समजत होतो. तिने धडा दिला होता. (मी त्यावर पुस्तकाच्या पाठीवर ठोकतात तशा सोनेरी अक्षरांत 'मास्तर' असं लिहिलं. मास्तर म्हणाली, गरज नव्हती. पण पुसलं नाही.)

धरणं जमलं. सोडणं जमेना. घरामागच्या अंगणात खडूने एक चौकोन काढला आणि मी रोज त्याच्याकडे बघून चेंडू टाकायचो, तो चौकोन सोडून सगळीकडे जायचा. बहुतेक वेळा पायाशी. एकदा माझा पाय वाचवायला म्हणून मी घाईने आधीच सोडला तर चेंडू भिंतीवरून उडाला आणि शेजारच्या दाताच्या डॉक्टरांच्या खिडकीतून आत गेला. आत एक गृहस्थ अर्धा तास तोंड उघडायला तयार नव्हते, ते काचेच्या आवाजाने उघडलं आणि डॉक्टरांनी त्यांची दाढ काढून घेतली, तेव्हा डॉक्टर माझ्यावर रागावले नाहीत. डॉक्टरांची बायको मात्र पदर खोचून भांडायला आली. मास्तरने तिच्या हातातून चेंडू घेताना तिची बोटं बघितली आणि विचारलं, काकू, तुम्ही कणीक मळता का स्वतः? मनगट छान आहे. पुढच्या सोमवारपासून ती बाई रोज सकाळी माझ्या शेजारी उभी. महिन्याभरात तिचा चेंडू पडल्यावर वळायला लागला. माझा अजून पायाशीच. मला तिचा हेवा वाटायचा हे कबूल करतो.

मास्तरने सगळे उपाय केले. ओला चेंडू देऊन बघितला, मोज्याचा गोळा देऊन बघितला, हात कानाजवळून जाताना "सोडा" असं ओरडून बघितलं. मला ऐकू यायचं, कळायचं, हात ऐकायचा नाही. मी दोनदा म्हटलं, जाऊ दे, हसतील तर हसतील. तिने विषयच वाढवला नाही. एक दिवस मी डबा विसरलो तो घेऊन ती बांधणी खात्यात आली आणि दारात उभी राहिली. मला बराच वेळ पत्ता नव्हता. मी पुस्तकाच्या पाठीला सरस लावून, पुठ्ठा बसवून, दोन्ही हातांनी दाबून धरत होतो. तिने विचारलं, मामा, तुम्ही ओठांत काय पुटपुटता? मी म्हटलं, काही नाही, सातपर्यंत मोजतो. आम्हाला हे काम शिकवणारे थोरले बाइंडर पट्टी घेऊन मागे उभे असत. सरस धरायला सात आकडे लागतात, त्याआधी हात काढला की पाठ उकलते आणि पट्टी बोटांवर बसते. एकतीस वर्षं झाली, हातात काही आलं की माझं आतल्या आत मोजणं सुरू होतं. चहाचा कपसुद्धा मी सातनंतर खाली ठेवतो, हे तुझ्या भावजयीने त्या रात्री जेवताना प्रथमच जाहीर केलं.

म्हणजे चेंडू टाकतानाही मी मोजत होतो! दहा पावलं पळत यायचो, हात वर यायचा तेव्हा कुठे चार झालेले असायचे, आणि सात होईपर्यंत हात खाली पायाशी. एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःच्या डोक्यात काय चाललंय ते ठाऊक नव्हतं, आणि या पोरीने दारात उभं राहून ते ओळखलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मोजणं सोडा. मास्तर तसं म्हणाली नाही. ती तिथेच एका गठ्ठ्यावर बसली आणि माझं काम बघत राहिली. दुपारनंतर आमच्याकडे फर्मे घडी करायचं काम असतं. फर्मा म्हणजे छापलेला मोठा ताव, घड्या घातल्या की सोळा पानांची जुडी होते. ती घडी घातली, हाडाच्या पट्टीने दाबली, की मनगटाच्या झटक्याने समोरच्या थप्पीवर टाकायची. अंगठा खाली, दोन बोटं वर, आणि सगळ्यांत शेवटी सुटतात ती ही दोन बोटं. आठ हात लांबच्या थप्पीवर जुडी बरोबर बसते. मी तिकडे बघतही नाही, फोरमनशी भांडता भांडता टाकतो.

मास्तर ताडकन उठली. "मामा, हेच! तुम्हाला येतंय. एकतीस वर्षं येतंय."

ताई, मी आजवर कोणाकडूनही काही शिकलो तर ते मला येत नाही म्हणून शिकलो. मला येतंय असं सांगून शिकवणारं माणूस मला आयुष्यात दोनदाच भेटलं. पहिलं कोण ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवसापासून चेंडू टाकायचाच नव्हता, फर्मा टाकायचा होता. हात कानाजवळ आला की समोर थप्पी आहे असं समजायचं. पहिला चेंडू खडूच्या चौकोनाच्या कडेला लागला. मी भिंतीकडे बघतच राहिलो. डॉक्टरांच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. मग महिनोन् महिने तेच, पावसाची सर आली तर ओसरीत, पाहुणे आले तर जिन्याखाली. खांदा गेला, कंबर गेली, गुडघ्यांचं वर सांगितलंच. तुझी भावजय म्हणायची, या वयात काय मांडलंय हे. पण रोज सकाळी उठून चेंडू शोधून हातात तीच द्यायची.

सामना गेल्या रविवारी झाला. माझं षटक आलं तेव्हा मैदानाच्या कडेची माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली. चहाचं पिंप कोणीतरी समजूतदारपणे लांब नेऊन ठेवलं. प्रूफरीडरांनी चेंडू हातात घेऊन त्यावरची सोनेरी अक्षरं दोनदा वाचली, शुद्धलेखन ठीक आहे म्हणाले आणि परत दिला. समोर शाईवाला, बरगडीवर रुमालाची घडी खोचून. माझी पाचावर धारण बसली होती. तोंडाने आपोआप एक, दोन सुरू झालं. सीमारेषेजवळ मास्तर उभी होती, तिने हाक मारली नाही, काही नाही, नुसतं मनगट झटकून दाखवलं. बस्स. मी पळत आलो आणि चारच्या आकड्याला समोरच्या थप्पीवर फर्मा टाकला.

सहा चेंडू, ताई. सहा चेंडूंत मी सहा चेंडूंचं षटक टाकलं! प्रूफरीडरांचे हात एकदाही पसरले नाहीत. एका चेंडूवर चौकार गेला, दोनांवर एकेक धाव, पण पाचव्या चेंडूवर शाईवाल्याची दांडी उडाली. आमचं खातं नेहमीप्रमाणे हरलं ते सोड. छपाईवाल्यांनी येऊन माझा हात हातात घेऊन दाबला, फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं (तो तसाही रडका आहे). आणि मी कोणाकडे बघत होतो? मास्तरकडे. ती हसत नव्हती, टाळ्या वाजवत नव्हती, माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होती, शेवटच्या चेंडूला ती बरोबर सुटली का ते.

तेव्हा मला तू आठवलीस. मी दुसरीत नापास होणार होतो कारण मला साताचा पाढा येत नव्हता. शाळेतले मास्तर मारून थकले, बाबा रागावून थकले. मी दिवसभर जिन्यावरून उड्या मारायचो म्हणून शिव्या खायचो. तू मला म्हणालीस, तुला येतोय, चल दाखवते. आणि जिन्याच्या एकेका पायरीवर सात, चौदा, एकवीस असं खडूने लिहून मला उड्या मारायला लावल्यास. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. तुला हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि तुझ्या लेकीलाही कोणी शिकवलेलं नाही. तिने ते कुठून आणलं हे मला विचारू नकोस, आरशात बघ.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

मेहुण्यांना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. उत्तर लाल शाईने लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
धाकटा भाऊ

ता. क. वर शाईवाल्याची दांडी उडाली असं लिहिलं, ते खरंच आहे. पण तुला मी कधी पुरतं फसवू शकलेलो नाही म्हणून सांगतो. गेल्या वर्षीच्या बरगडीच्या आठवणीने शाईवाला चेंडू सुटताच मागे मागे सरकला आणि त्याच्याच बॅटने दांडी उडाली. चेंडू तसा बाहेरून चालला होता. प्रूफरीडरांनी नियमांचं पुस्तक मागवून (ते मीच बांधलेलं होतं) खात्री केली आणि बाद दिला. बाद तो बाद.

आणखी एक ता. क. डॉक्टरांच्या बायकोची बहीण पलीकडच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती चार सकाळी येऊन आमच्या अंगणात उभी राहिली आणि मग मास्तरला शाळेचं पत्र आलं. मुलींना गोलंदाजी शिकवायला या, पहिलं वर्ष हंगामी, पुढचं पुढे बघू. पगार नोंदणी कार्यालयापेक्षा कमी आहे आणि नोकरी कायमची नाही, हे मी लपवत नाही. कायमच्या नोकरीची किंमत तुझ्याइतकी कोणाला ठाऊक? बाबा गेल्यावर तू एकोणिसाव्या वर्षी शाळेत चिकटलीस म्हणून मी हे काम शिकू शकलो, ते मी विसरलेलो नाही. म्हणून तुला हुकूम करत नाही, विचारतो. वीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. पोरगी तुला विचारणार नाही. तुझ्या दोन रेघा तिनेही वाचल्या आहेत. तू तिला एका ओळीचं पत्र टाक. "शिकव" एवढंच लिहिलंस तरी पुरे.

शेवटचा ता. क. हे मास्तरला कळू देऊ नकोस. तिने शाळेला नकाराचं पत्र लिहून बुधवारी माझ्याकडे पेटीत टाकायला दिलं. पाकिटाचा डिंक अगदीच हलका होता, चहाच्या किटलीशेजारी ठेवल्यावर आपोआप सुटला (मी नंतर चांगल्या खळीने चिकटवला आहे, आता कोणाला उघडणार नाही). पत्रात नकाराच्या चार ओळी आहेत, आईला वाईट वाटेल असं काही करायचं नाही म्हणून. त्याखाली अठ्ठावीस ओळी त्या शाळेतल्या मुलींविषयी आहेत, ज्यांना तिने एकदाच कुंपणाबाहेरून खेळताना बघितलंय. कोणाचा अंगठा वर येतो, कोणती मुलगी चेंडू मुठीत आवळते, कोणाला आधी तीन दिवस नुसता धरू द्यावा. आणि शेवटी, जो कोणी शिकवायला येईल त्याने त्यांना येत नाही असं म्हणू नये, एवढी विनंती आहे. ते पाकीट चार दिवस माझ्या खिशात आहे. बुधवारपासून रोज टपालपेटीशी जातो, पाकीट फटीत अर्धं घालतो आणि उभा राहतो. ताई, माझं सात मोजून झालंय, सत्तर मोजून झालंय. हात सुटत नाही. लवकर लिही.